दगड गुडघ्यापर्यंतच

साळवे सिस्टर आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा पुढच्या गेटातून आत आल्याच नाहीत. गेटापासून सहा-सात पावलांवर, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, मान वर करून आमच्या घराकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "दिघे साहेब, मागून दार आहे का हो?"

मागून दार आहे. पण तिथे गॅसचे सिलिंडर, वॉशिंग मशीन आणि मेधाच्या कुंड्या. सिस्टर त्या सगळ्यातून वाट काढत, केकचा डबा डोक्यावर धरून, थेट स्वयंपाकघरात उगवल्या. मेधा, म्हणजे माझी बायको, पोळी लाटता लाटता दचकली.

"राग मानू नका," सिस्टर म्हणाल्या. "घर सुंदर आहे. पण त्याच्या पुढून जायची माझी हिंमत नाही."

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीला खालपासून गच्चीच्या कठड्यापर्यंत फिक्या बदामी रंगाच्या दगडी टाइल्स लावलेल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी मेधाने तीन बाजार पालथे घालून त्या निवडल्या होत्या. फरिदाबादच्या आमच्या सेक्टरात लोक पत्ता सांगताना 'वो पत्थरवाली कोठी के सामने' असं म्हणत. अशा घराबद्दल कुणी हिंमत नाही म्हणावं, हे मेधाला त्या दिवशी जेवणभर पचलं नाही.

सिस्टर मूळच्या नगरच्या. चौतीस वर्षं दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी, त्यातली निम्म्याहून जास्त कॅज्युअल्टीत. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या समोरचा शंभर गजांचा प्लॉट घेतला आणि घर बांधून होईपर्यंत आमच्याच ओळीत एक खोली भाड्याने घेतली. भाजीच्या गाडीवर त्यांच्या तोंडून "कोथिंबीर" ऐकू आलं आणि मेधाने वळून पाहिलं, तिथून ओळख. किरकोळ बांधा, पांढरे कॅनव्हासचे बूट, केसांचा इतका घट्ट अंबाडा की भुवया थोड्या वर ओढलेल्या वाटायच्या. त्यामुळे चेहऱ्यावर कायम कसली तरी वार्ता ऐकल्याचा भाव.

तुम्हीआम्ही घराकडे बघतो तेव्हा घर बघतो. सिस्टर घराखाली उभा असलेला माणूस बघायच्या. बाल्कनी दिसली की त्यांना कुंडी दिसे, कुंडी दिसली की डोकं दिसे, आणि डोकं दिसलं की टाके. "एक गृहस्थ होते," त्या सुरू करायच्या, "मुलीच्या लग्नाची खरेदी करत होते. दुकानाची पाटी. बारा टाके. हातातली मिठाई सोडली नव्हती." त्यांच्या अशा सगळ्या गोष्टींत माणूस अगदी साधं काहीतरी करत असे. कुणी रिक्षाची वाट बघत, कुणी चप्पल झटकत.

मेधा त्यांना एकदा पडदे घ्यायला करोल बागेत घेऊन गेली. सिस्टर दुकानांच्या कडेने चालायला तयार होईनात. भर रस्त्यातून, ऑटोंच्या आणि हातगाड्यांच्या मधून चालत राहिल्या. मागून हॉर्न, शिव्या. मेधाने हाताला धरून ओढलं तर म्हणाल्या, "ऑटोवाला समोरून येतो, मला बघतो, ब्रेक मारतो. पाटीला ब्रेक असतो का?" पडदे आलेच नाहीत. मेधाचं डोकं दुखायला लागलं आणि दोघी परत आल्या.

आता अशा बाईने स्वतःच्या घराला बाहेरून काय लावायचं हे ठरवायचं होतं.

आठ महिने लागले. घराचा सांगाडा उभा राहिला, स्लॅब पडले, आतलं प्लॅस्टर झालं, तरी बाहेरचं ठरेना. त्यांच्या खोलीत नमुने जमत गेले. धौलपूरचा गुलाबी दगड, लाल दगड, करडी फरशी, पातळ विटांच्या चकत्या, पाच-सहा भट्ट्यांच्या विटा. सगळं जमिनीवर, टेबलावर किंवा कपाटावर एकही नाही. हॉस्पिटलच्या लिलावात घेतलेला, तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा त्यांच्याकडे होता. त्यात त्या दगड निजवायच्या आणि चिकटपट्टीवर लिहून त्यालाच चिकटवायच्या. मी स्वतः वाचलंय: 'गुलाबी, २ किलो ८००. खांदा.' त्याच्या शेजारी: 'लाल, ४ किलो १००. पडू नये.'

त्यागी नावाचा त्यांचा ठेकेदार रडकुंडीला आला होता. "मॅडम, आजकल केमिकल आता है," तो सांगायचा. "पत्थर चिपका दो, बीस साल हिलेगा नहीं."

"सिर्फ चिपकाओगे?" सिस्टर विचारायच्या. "टाँका एक भी नहीं?"

त्यागीला वाटलं शिवणकामाचं काही विचारतायत. मग मी समजावून सांगितलं की मॅडम स्टीलच्या क्लँपांबद्दल बोलतायत.

विटा बघायला मीच त्यांना गाडीतून शहराबाहेरच्या एका भट्टीवर घेऊन गेलो. तिथे त्यांनी दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटल्या आणि कान पुढे करून ऐकलं. टण्ण. दुसरी जोडी. टण्ण. तिसरीला आवाज जरा दबका आला, ती बाजूला. मग कमरेच्या उंचीवरून एक खाली सोडली, फुटली नाही. भट्टीचा मुनीम खाट सोडून उठला आणि हात मागे बांधून उभा राहिला. बारा विटा आम्ही डिकीत घालून आणल्या. त्या टबात भिजवून ठेवल्या, आधी वजन, नंतर वजन, कुठली किती पाणी प्याली ते वहीत. त्यानंतर महिनाभर गच्चीवर. मी विचारलं, आता काय राहिलं?

"मिठाचा पांढरा लोणा फुटतो का बघू," त्या म्हणाल्या. "पेशंट पहिल्या दिवशी ठीकच दिसतो. ऑब्झर्व्हेशनखाली ठेवायला लागतं."

इथवर मला सगळी गंमत वाटत होती. मी ऑफिसात त्यांच्या नकला करायचो.

मग एका रविवारी त्या मागच्या दाराने आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "दिघे साहेब, एकदा तुमची भिंत तपासू?" मी हसत हो म्हटलं. त्या वरच्या बाल्कनीत गेल्या. डॉक्टर छाती तपासताना करतात तसं डाव्या हाताचं मधलं बोट टाइलवर टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलं. ठक. पुढची. ठक. पुढची. ठक. मग एकदम डब्ब.

"ऐकलंत?"

मी ऐकलं होतं. मला ऐकायचं नव्हतं.

"हिच्या मागे हवा आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, पेशंटला ऐकू जाऊ नये तशा. खिशातून खडू काढून त्यांनी टाइलवर फुली मारली. बाल्कनीतून आणि खिडक्यांतून जेवढा हात पोचला तेवढ्यात अकरा फुल्या झाल्या.

मेधाने त्या सगळ्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. "एका नर्सच्या बोटावरून घर सोलून काढायचं का?" ती म्हणाली. मी तेव्हा तिच्याशी वाद घातला नाही, कारण मनातून मला बरंच वाटलं. फुल्या पुसल्या गेल्या होत्या. नकार तिचा होता.

पण भीती पुसली गेली नाही. आता मी घरी येताना वर बघायला लागलो. फुल्या कुठे होत्या ते मला पाठ होतं. वरून तिसऱ्या ओळीत दोन, खिडकीच्या उजवीकडे एक, पाण्याच्या पाइपाजवळ चार. गाडी गेटासमोर लावायचो ती कोपऱ्यावर लावू लागलो. आमची ईशा शाळेच्या बससाठी गेटाशी उभी राहायची, तिला मी दहा पावलं पुढे उभं राहायला सांगितलं. का, म्हणाली. मी म्हटलं, ऊन लागतं. डिसेंबर महिना होता. धुक्यात बसचे दिवे दिसत नव्हते. ऑफिसातून दुपारी उगाच फोन करून "सगळं ठीक ना?" विचारायचो. मेधा म्हणायची, ठीकच आहे, का? मी म्हणायचो, सहज.

आणि कमलेश. कमलेश म्हणजे आमच्या गल्लीत कपड्यांना इस्त्री करणारी बाई. सहा वर्षं तिचं टेबल आमच्याच भिंतीला लागून होतं. कोळशाची इस्त्री, टेबलाखाली कपड्यांची गाठोडी, आणि राख टाकून टाकून काळी पडलेली जमीन. सकाळी आठपासून ती तिथे उभी. तिला हलायला सांगायला हवं, हे मला रोज सकाळी तिला कपडे देताना आठवायचं. पण सांगितलं तर ती का म्हणून विचारणार, मग गल्लीत बोभाटा होणार, मेधाला कळणार. उद्या सांगू, म्हणत दोन महिने गेले.

एका रविवारी सकाळी साडेनऊला भूकंपाचा धक्का बसला. कपातला चहा हलला, बंद पंखा झुलायला लागला. सगळी गल्ली बाहेर धावली आणि जो तो आपापल्या घराच्या भिंतीला खेटून मोबाइलवर बातमी शोधायला लागला. फक्त सिस्टर रस्त्याच्या मधे उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या. "बीच में आओ. सब बीच में आओ." लोक हसत हसत मधे आले. मी ईशाला उचलूनच आणलं, अकरा वर्षांच्या मुलीला. वर बघत राहिलो. काहीच पडलं नाही.

"बघ," मेधा म्हणाली. "एवढी जमीन हलली, एक टाइल तरी निखळली का?"

त्यानंतर तीन दिवस मी निवांत जेवलो. वर बघणं सोडलं, आणि इस्त्रीचे कपडे द्यायलाही मेधाच गेली.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी अर्धी रजा घेऊन घरी आलो होतो. दुपारचे तीन. थंडीतलं छान ऊन पडलेलं, वाऱ्याचं नाव नाही. मी गेटाबाहेर कुरिअरवाल्याकडून पाकीट घेतलं, तो गेला आणि वरून आवाज आला. कुणी पत्र्याची पेटी फरशीवरून ओढावी तसा. मी वर पाहिलं. वरून तिसऱ्या ओळीतली एक टाइल कपाटाचा खण उघडावा तशी सावकाश पुढे आली. तिच्याबरोबर शेजारची. मग दोन्ही खाली गेल्या.

त्या पडल्या त्या काळ्या जमिनीवर. बरोबर मधोमध. तुकडे रस्त्यापलीकडे गेले. धूळ खाली बसेपर्यंत मी त्यात कमलेशला शोधत राहिलो.

मग ती मला दिसली. समोर, सिस्टरांच्या अर्धवट घरापुढे, हातात इस्त्री धरून, त्या काळ्या जागेकडे बघत. तिचं टेबल तिथे होतं.

सिस्टर धावत आल्या. "कुणाला लागलं? कुणाला लागलं? कुणाला?" असं तीनदा विचारलं. कुणालाही लागलं नव्हतं. तरी त्यांनी माझं मनगट धरून नाडी मोजली आणि मला पायरीवर बसवलं. मग त्यातल्या त्यात मोठे तुकडे उचलून उलटे जुळवले. मागच्या बाजूला चार कोपऱ्यांत सिमेंटचे चार वाळलेले गोळे होते. मधला सगळा दगड स्वच्छ, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. पाच वर्षं तो त्या चार गोळ्यांवर लटकत होता.

मी वाट बघत होतो की त्या आता काहीतरी बोलतील. मी सांगितलं होतं, असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्या एवढंच म्हणाल्या, "मिस्त्रीने घाई केली," आणि तुकडे गोळा करायला लागल्या.

मेधा खाली आली. तिने आधी जमिनीकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे कमलेशकडे. माझ्या शेजारी पायरीवर बसली. थोड्या वेळाने उठून तिने स्वतःच त्यागीला फोन केला. पुढच्या नऊ दिवसांत आमचं घर वरपासून खालपर्यंत सोललं गेलं.

कमलेश संध्याकाळी कपडे द्यायला आली. "बाबूजी," ती म्हणाली, "मैं तो सोमवार को ही उधर गई. सिस्टर बोलीं कि ईंटें चोरी हो रही हैं, तू सामने बैठके ध्यान रख."

आतल्या भिंतींमधून उरलेल्या त्या विटा चोरीला जात नव्हत्या. एकही गेली नव्हती, सिस्टर त्या रोज मोजायच्या. मी कपडे घेतले आणि मान हलवली. मला दोन महिने ठाऊक होतं, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. आजही नाही. तिने दिलेला शर्ट मी पुढे बरेच दिवस घातला नाही.

सिस्टरांचं मात्र त्याच आठवड्यात ठरलं. त्यांनी त्यागीला बोलावलं आणि रस्त्याच्या मधे उभं राहून हुकूम दिला. बाहेरून चिकटवलेलं काही नको. भिंतीच विटांच्या, आतल्या भिंतीला स्टीलने बांधलेल्या, तोडीला तोड जुळवून, विटांमधल्या दर्जा सिमेंटने नीट भरलेल्या. त्यावर प्लॅस्टर नाही, रंग नाही. आणि दगड फक्त जोत्याला, खालून गुडघ्यापर्यंत.

"बस घुटने तक?" त्यागी म्हणाला. "मॅडम, फ्रंट तो दिखना चाहिए."

"दिखने का काम मैं कर लूँगी," सिस्टर म्हणाल्या. "घुटने के ऊपर एक भी पत्थर नहीं."

मला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं, "गुडघ्याच्या उंचीवरून पडला तर फार तर पायाचं बोट. प्लॅस्टर तीन आठवडे." कमलेशला कायमची जागा त्या भिंतीशीच मिळाली. सावलीसाठी छज्जा काढू का, असं त्यागीने विचारलं तेव्हा सिस्टर त्याच्याकडे अशा बघायला लागल्या की त्याने मापाची टेप खिशात टाकली. कापडाची मोठी छत्री आली.

विटांचं काम तीन महिने चाललं. मिस्त्रीने प्रत्येक थर लावला की सिस्टर ओळंबा सोडून बघायच्या, कुठे हात फिरवायच्या, कुठे ठोकायच्या. एक कोपरा त्यांनी दोनदा उतरवायला लावला. हळूहळू ती तांबडी भिंत वर चढत गेली. गल्लीतले लोक आधी म्हणायचे, हे काय गोदाम बांधताय. पुढे संध्याकाळचं ऊन तिच्यावर पडलं की थांबून बघायला लागले. सिस्टरांच्या डोळ्यांतून मात्र ती भीती कधी गेली असं मला दिसलं नाही. भिंत जितकी पक्की होत गेली तितक्या त्या गप्प होत गेल्या.

एप्रिलच्या अखेरीस त्या राहायला गेल्या. सकाळी त्यांच्या चर्चमधले आठ-दहा लोक आले, प्रार्थना झाली, सगळ्यांनी केक आणि समोसे खाल्ले, गेले. दुपारी त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं एखादं कपाट सरकवायचं असेल.

त्या पुढच्या पायरीवर बसल्या होत्या. "बसा," म्हणाल्या. 

"चौतीस वर्षं नर्सेस हॉस्टेलात राहिले," मग म्हणाल्या. "पलीकडच्या खाटेवर कुणीतरी घोरत असायचं. इथे भाड्याच्या खोलीत आले तर वर घरमालकाची चप्पल वाजायची. या घरात कसलाच आवाज नाही हो, दिघे साहेब."

मी म्हटलं, "आम्ही समोरच आहोत."

त्यांनी मान हलवली. "कॅज्युअल्टीत एक माणूस आला होता. कठडा पडला होता अंगावर. खिशात काही नाही. कागदावर लिहिलं, 'अज्ञात, पुरुष, वय अंदाजे चाळीस.' चार दिवस होता. शुद्धीवर आला की एकच विचारायचा, 'कोई आया?' मी म्हणायचे, रास्ते में हैं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या कागदावर नातेवाईकाच्या जागी माझं नाव घातलं. नातं बहीण. मेट्रनने फार झापलं मला. पण त्याला वाचून दाखवलं होतं मी. मग त्याने विचारायचं सोडलं."

"पुढे?"

"चौथ्या दिवशी गेला. सही मीच केली."

त्यांनी पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. त्यावर त्यांच्या सुबक अक्षरात नाव, वय, रक्तगट, चालत नाहीत ती औषधं, सगळं लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत 'नातेवाईक' आणि पुढे कोरं.

"नगरचा भाऊ वारला. भाचे पुण्यात आहेत, चांगले आहेत. पण ते निघणार कधी, पोचणार कधी." त्या कार्डाकडेच बघत बोलत होत्या. "तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं नाव हवं. ती ओळ मोकळी असली की माणसाला कोपऱ्यात ढकलतात. मीच ढकललेत."

मी खिशातून पेन काढलं. कार्ड गुडघ्यावर ठेवून माझं नाव लिहिलं, खाली मोबाइल नंबर लिहिला. नात्याच्या जागी पेन थांबलं.

"भाऊ लिहा," त्या म्हणाल्या. "थोरला की धाकटा ते विचारत नाहीत."

मी भाऊ लिहिलं. त्यांनी कार्ड घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि एकेक आकडा ओठांत वाचला. मग ते माझ्यापुढे परत केलं.

"हा सात आहे की एक? तिथे घाई असते हो."

मी तो सात नीट गिरवून दिला.